गॉर्डन हॉल : कुटुंब मायदेशी, स्वतः साथीच्या गावी

न्हावा शेव्याच्या किनाऱ्यावरून समोर मुंबई दिसते. तिथून 1825 साली मार्गारेट हॉल दोन लहान मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. मुलांना इथली हवा मानवत नव्हती. त्यातला एक मुलगा प्रवासातच गेला.

पती गॉर्डन हॉल मागे राहिले. मराठी येणारे मिशनरी मोजकेच होते. ते 1813 पासून मुंबईत होते. त्याआधी फिलाडेल्फियात थोडे वैद्यकही शिकले होते.

मार्च 1826 मध्ये ते नाशिकला पोहोचले, तेव्हा तिथे कॉलऱ्याची साथ होती. जवळची बहुतेक औषधे रुग्णांना वाटून ते परत फिरले. वाटेत 20 मार्चच्या पहाटे त्यांनाच लागण झाली आणि सुमारे 8 तासांत ते गेले. वय 41.

धडधाकट माणूस इतक्या लवकर कसा जातो, असे नातेवाईक विचारतात. कॉलऱ्याच्या जंतूंच्या विषामुळे आतड्यातून पाणी आणि क्षार वाहून जातात. तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंत. रक्तदाब कोसळतो, लघवी थांबते. माझ्या मते हॉल यांची औषधे उरली असती तरी फारसा उपयोग नव्हता. हवे होते पाणी, मीठ आणि साखर. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ओआरएस वापरून अनेकांचे प्राण वाचवले.

भाताच्या पेजेसारखे जुलाब सुरू झाले तर लगेच ओआरएस द्या, उलटी झाली तरी घोटघोट देत राहा आणि रुग्णाला दवाखान्यात न्या. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा सुस्ती आली, तर सलाइन लागते.