भारतीय लांडग्याला शास्त्रीय नाव देणारा खडकीच्या लढाईतला इंग्रज अधिकारी
भारतीय लांडग्याच्या शास्त्रीय नावाचं पुण्याशी नातं आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?

1790 मध्ये जन्मलेले विल्यम हेन्री साईक्स ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. ते मराठी शिकले आणि 1817 मध्ये खडकीला पेशव्यांविरुद्ध लढले. 1824 पासून दख्खनची पाहणी करताना त्यांनी प्राण्यांचे नमुने जमवले. त्या काळी नमुना म्हणजे बहुतेकदा ठासणीच्या बंदुकीने टिपलेलं जनावर! 1831 मध्ये त्यांनी लांडग्याला ‘पॅलिपीस’, म्हणजे फिकट पायांचा, हे नाव दिलं.

साईक्स 1872 मध्ये वारले. बरोबर 100 वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा आला. आज लांडगा मारणं गुन्हा आहे. पण त्याला मोकळं माळरानही लागतं, आणि खडकीपलीकडे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आता कारखाने आहेत.