कथा म्हणजे छोटी कादंबरी नव्हे, असं सांगणारे ना. सी. फडके

सुचलेल्या गोष्टीची कथा करायची की कादंबरी? लिहिणाऱ्या प्रत्येकाला पडणारा हा प्रश्न. मराठीत त्याचं रोखठोक उत्तर दिलं नारायण सीताराम फडके यांनी.

फडक्यांचा जन्म 4 ऑगस्ट 1894 रोजी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या कर्जतचा. 1912 मध्ये पहिली कथा 'मेणाचा ठसा', 1917 मध्ये पहिली कादंबरी 'अल्ला हो अकबर'. दोन्ही वाटा तरुणपणीच धरलेल्या. पुढे 1926 पासून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते.

त्यांच्याआधी हरिभाऊ आपट्यांच्या 'स्फुट गोष्टी' होत्या. वाचनीय, पण बऱ्याचदा कादंबरीसारख्या ऐसपैस पसरलेल्या. फडक्यांना ते पटणारं नव्हतं. कथेने वाचकाच्या मनावर एकच ठसा उमटवावा, त्याला हातभार न लावणारं पात्र, प्रसंग, वर्णन काढून टाकावं, असा त्यांचा आग्रह. अमेरिकेत एडगर ॲलन पो यांनी 1842 मध्येच असा विचार मांडला होता.

उदाहरणार्थ, घरातली अंगठी हरवली. कथाकार थेट संशयाच्या संध्याकाळी सुरुवात करेल आणि अंगठी सापडताच थांबेल. कादंबरीकार ती अंगठी घरात कशी आली इथपासून सांगेल. संशयामुळे भाऊ वेगळे होतील, दहा वर्षं जातील, माणसं बदलतील. कादंबरीला ही गुंतागुंत हवीच असते. कथेचा तिने जीव जातो.

हे तंत्र फडक्यांनी 1931 च्या 'प्रतिभासाधन'मध्ये मांडलं. नवोदितांनी ते अक्षरशः गिरवलं. आकर्षक सुरुवात, वाढती उत्कंठा, शेवटी कलाटणी. आणि इथेच घोटाळा झाला. साचा हाती आला की कथा सफाईदार होते, पण माणसं एकसारखी दिसू लागतात. खुद्द फडक्यांच्या कथाही यातून पूर्ण सुटल्या नाहीत.

1945 च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी हा साचा मोडला. कलाटणी नसली तरी चालेल, मनातली एक अस्वस्थताही कथेला पुरते, हे नवकथेने दाखवलं. गंमत म्हणजे एकाच अनुभवावर रोखलेली नजर नवकथेनेही सोडली नाही.

फडके मात्र आपल्याच पद्धतीने लिहीत राहिले. 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. 22 ऑक्टोबर 1978 रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांच्या नावावर सत्तरहून अधिक कादंबऱ्या होत्या.