डभोईचे दरवाजे आणि जेम्स बर्जेस

वडोदरा जिल्ह्यातील डभोई, म्हणजे प्राचीन दर्भावती, म्हटले की प्रथम स्मरते ती हिरा भागोळ. तिच्या शिल्पकाराला भिंतीत जिवंत गाडल्याची दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. मात्र डभोईच्या वास्तूंची मोजमापे व आराखडे काढून त्यांना वास्तुशास्त्राच्या इतिहासात स्थान मिळवून देणाऱ्यांत जेम्स बर्जेस हे प्रमुख होत.

बर्जेस यांचा जन्म १८३२ साली स्कॉटलंडमध्ये झाला. १८५५ मध्ये ते अध्यापनासाठी कलकत्त्यास आले व १८६१ मध्ये मुंबईच्या एका पारशी विद्यालयाचे प्रमुख झाले. मूळचे गणिताचे व्यासंगी असलेले बर्जेस घारापुरी, वेरूळ आणि अजिंठ्याच्या लेण्यांकडे ओढले गेले. १८७२ मध्ये त्यांनी 'इंडियन अँटिक्वरी' हे नियतकालिक सुरू केले. पुढे पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाची धुरा त्यांच्याकडे आली आणि १८८६ ते १८८९ या काळात ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते.

त्यांच्या कार्याचे मर्म वर्गीकरणात आहे. जेम्स फर्ग्युसन यांच्यासह १८८० मध्ये लिहिलेल्या लेण्यांवरील ग्रंथात विधानाचा, म्हणजे वास्तूच्या मांडणीचा, विचार मध्यवर्ती आहे. स्तूप, दोन्ही बाजूंच्या स्तंभांच्या रांगा आणि अर्धवर्तुळाकार पाठ असलेले चैत्यगृह. मध्ये मंडप व सभोवती भिक्षूंच्या कोठड्या असलेला विहार. एकदा हे नमुने ओळखले की शेकडो लेण्यांची संगती लागते आणि त्यांतील फरकांवरून कालक्रमाचा अंदाज बांधता येतो.

हीच मोजमापांची शिस्त १८८८ मध्ये हेन्री कझिन्स यांच्यासह गायकवाड सरकारच्या आज्ञेने प्रसिद्ध झालेल्या डभोईवरील ग्रंथात दिसते. वाघेला राजा वीसलदेवाच्या काळाशी जोडले जाणारे हे दरवाजे मूळ रचनेत कमानीवर विसंबलेले नाहीत. एकावर एक पुढे सरकत जाणाऱ्या दगडी कंसांवर त्यांची तुळई तोलली आहे. झिंझुवाड्याचे दरवाजेही याच कुळातले. अलंकरण निराळे, परंतु रचनेचा नमुना एक.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. फर्ग्युसन यांची विभागणी बव्हंशी धर्म व वंश यांवर आधारलेली होती, आणि त्यांच्या इतिहासग्रंथाच्या १९१० च्या सुधारित आवृत्तीतही बर्जेस यांनी ती मोडली नाही. वेशीचा दरवाजा मात्र धर्मापेक्षा उपयोगाने ओळखावा लागतो. अहमदाबादच्या मशिदींतील स्तंभरचनेत गुजरातच्या मंदिरांची परंपरा पुढे चालत आल्याचे तर खुद्द बर्जेस यांच्याच ग्रंथांतून दिसते.

नमुन्यांच्या संग्रहातून नवी निर्मिती घडते, हेही त्याच काळात दिसले. सॅम्युएल स्विंटन जेकब यांनी १८९० पासून जयपूरहून स्तंभ, कंस, कमानी यांची आलेखने वर्गवारीने प्रसिद्ध केली, ती वास्तुकारांना व कारागिरांना कामाच्या जागी वापरता यावीत म्हणून. जुन्या वास्तूची नक्कल करण्याऐवजी तिच्या रचनेमागील विचार उचलावा, ही दृष्टी अशा संग्रहांतूनच लाभते.

बर्जेस १९१६ मध्ये एडिंबरो येथे निवर्तले. दगड झिजतात, वेशी ढासळतात. परंतु मोजून रेखाटलेली वास्तू ग्रंथालयाच्या कपाटात सुरक्षित राहते आणि पुढच्या पिढीतील एखाद्या रचनाकाराच्या हाती पुन्हा सजीव होते. डभोईवर त्यांचे हे ऋण आहे.