अखंड हजेरीचा वीर : लू गेरिग

वर्षभर एकही दिवस न चुकवितां शाळेंत हजर राहणें किती कठीण असतें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. मग जवळजवळ चौदा वर्षें एकही सामना न चुकविणाऱ्या पुरुषास काय म्हणावें? अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत असा विक्रम करणाऱ्या लू गेरिगचें हें चरित्र होय.

लूचा जन्म १९ जून १९०३ रोजीं न्यूयॉर्क शहरांत झाला. आईबाप जर्मनींतून आलेले व गरीब. त्यांच्या चार मुलांपैकीं जगला तो एकटा लूच. वडिलांची प्रकृति वरचेवर बिघडे. म्हणून आई परक्यांच्या घरीं स्वयंपाक व धुणें करून संसार चालवी. मुलानें पुष्कळ शिकावें, ही त्या माउलीची मनीषा. लू कोलंबिया विद्यापीठांत दाखल झालाही. परंतु घरची ओढग्रस्त पाहून सन १९२३ मध्यें त्यानें शिक्षण सोडलें व ‘यांकीज’ या व्यावसायिक संघाची नोकरी पत्करली.

या खेळांत फलंदाजानें चेंडू टोलवून चार थांब्यांची फेरी पुरी केली म्हणजे एक धांव होते. १ जून १९२५ रोजीं गेरिग एका सोबत्याच्या ऐवजीं फलंदाजीस आला, आणि दुसऱ्याच दिवशीं पहिल्या थांब्याचा नेहमींचा रक्षक वॉली पिप याच्या जागीं उभा राहिला. ती जागा त्यानें पुढें सोडली नाहीं. ३ जून १९३२ रोजीं त्यानें एकाच सामन्यांत चार वेळां चेंडू मैदानापार धाडला. सन १९३३ मध्यें एव्हरेट स्कॉटचा सलग १,३०७ सामन्यांचा उच्चांक त्यानें मागें टाकला. सन १९३४ च्या जुलैंत कंबर इतकी धरली कीं, एकदांच फलंदाजी करून त्याला परतावें लागलें. पण हजेरी चुकली नाहीं.

सन १९३८ पासून मात्र त्याचें बळ ओसरूं लागलें. साधा चेंडूही हातून निसटूं लागला. त्याला बसविण्याचें धैर्य कोणास होईना. अखेर २ मे १९३९ रोजीं डेट्रॉइट येथें गेरिग स्वतःच व्यवस्थापक जो मॅकार्थी याच्याकडे गेला आणि संघाच्या हितासाठीं आपलें नांव वगळावें, अशी त्यानें विनंति केली. २,१३० सामन्यांची मालिका तेथें थांबली.

पुढील महिन्यांत, त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशींच, मेयो रुग्णालयांतील वैद्यांनीं निदान सांगितलें. स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जातंतूंचा तो असाध्य रोग होता. अमेरिकेंत तो रोग आज गेरिगच्याच नांवानें ओळखला जातो. ४ जुलै १९३९ रोजीं यांकी स्टेडियमवर साठ हजारांहून अधिक लोक त्याच्या सत्कारास जमले. तेथें त्यानें दैवाला दोष दिला नाहीं. आईबाप, पत्नी, सोबती व प्रतिस्पर्धी यांचे उपकार स्मरून त्यानें स्वतःस भाग्यवान म्हणविलें. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले.

त्यानंतरही तो स्वस्थ बसला नाहीं. न्यूयॉर्क शहराच्या नोकरींत राहून कैद्यांच्या सशर्त सुटकेसंबंधींचें काम, शरीर साथ देईतों, त्यानें केलें. २ जून १९४१ रोजीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें. पहिल्या थांब्यावर तो उभा राहिला, त्या दिवसास त्याच दिवशीं बरोबर सोळा वर्षें झालीं होतीं.

त्याचा विक्रम ५६ वर्षें अबाधित राहिला. ६ सप्टेंबर १९९५ रोजीं कॅल रिपकेननें तो मोडला. विक्रम आज ना उद्यां मोडतातच. परंतु दुखणें सोसून कामावर उभें राहणें हा जसा पुरुषार्थ, तसाच आपल्यामुळें इतरांचें नुकसान होत आहे हें कळतांच मानाची जागा आपण होऊन सोडणें हाही पुरुषार्थच होय. पहिला धडा गेरिगनें २,१३० वेळां दिला. दुसरा एकदांच दिला, आणि तोच अधिक कठीण होता.