नेताजी पालकर : नावापुढचा आकडा आणि हजेरीला उभे राहणारे घोडे

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून कर्जतकडे वळताना खालापूर तालुक्यातलं चौक गाव लागतं. 'प्रतिशिवाजी' म्हणून ओळखले गेलेले नेताजी पालकर इथलेच, असं मानलं जातं. माणकोजी दहातोंडे यांच्यानंतर स्वराज्याच्या घोडदळाची सरनोबती त्यांच्याकडे आली. त्यांच्या पराक्रमाच्या कथा सगळ्यांना ठाऊक असतात, पण सरनोबताचं रोजचं काम बरंचसं मोजदादीचं होतं.

सभासदाच्या बखरीत ही रचना आली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. गुणाकार केला तर हजारीच्या हाताखाली १,२५० स्वार येतात, म्हणजे पदाच्या नावापेक्षा अडीचशे जास्त! दर २५ घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी. त्यामुळे एखादा स्वार कोण, एवढं कळून भागत नसे; तो ज्या गटात आहे तिथे एकूण किती जण आहेत, हेही कळावं लागे. नाल आणि पाणी त्यावरच ठरायचं.

आज डेटाबेसला हाच प्रश्न विचारता येतो. एका जुमल्याच्या १२५ स्वारांची यादी आहे असं समजा, एका ओळीत एक स्वार. एसक्यूएलमध्ये 'ग्रुप बाय हवाला' म्हटलं की पाच ओळी उरतात, प्रत्येकीत २५. आकडा मिळतो, पण स्वारांची नावं जातात. नावं ठेवून आकडाही हवा असेल तर 'काउंट'ला 'ओव्हर' आणि 'पार्टिशन बाय हवाला' जोडायचं. मग १२५ ओळी तशाच राहतात आणि प्रत्येक नावापुढे त्याच्या हवाल्याची संख्या येते. एखाद्या हवाल्यातले तीन स्वार यादीतून गेले, तर पुढच्या वेळी उरलेल्या प्रत्येकापुढे २२ दिसेल. हा आकडा कुणी लिहून ठेवलेला नसतो, विचारलं की त्या क्षणी ओळींतून मोजला जातो.

१६५९ मध्ये अफझलखानाच्या फौजेवर तुटून पडलेल्यांत नेताजी होते. पुरंदरच्या तहानंतर मात्र दिवस फिरले. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरच्या हल्ल्यात ते वेळेवर पोहोचले नाहीत, सुमारे हजार माणसं गेली आणि महाराजांनी त्यांना पदावरून दूर केलं. यादीत किती स्वार आहेत हे सांगता येतं. ते या घटकेला कुठे आहेत, हे त्या आकड्यात नसतं.

नेताजी आधी विजापूरकरांकडे गेले. तिथून मिर्झाराजे जयसिंगांनी त्यांना पाच हजारी मनसब देऊन मुघलांकडे ओढलं. मनसबीत हिशेब उलटा चाले. आकडा आधी नावापुढे लागायचा आणि स्वार नंतर भरायचे. 'जात' या आकड्यावर दर्जा आणि पगार, 'सवार' या आकड्यावर किती घोडेस्वार बाळगायचे ते. साहजिकच कागदावरचे स्वार मैदानात कमी भरत. म्हणून घोड्यांना डाग देत आणि प्रत्येक स्वाराचा चेहरा, म्हणजे अंगावरच्या खुणांसह वर्णन, लिहून ठेवत. कागदावरचा आकडा पडताळायला शेवटी एकेक ओळच तपासावी लागे.

महाराज आग्र्याहून निसटले आणि औरंगजेबाने नेताजींना पकडवलं. १६६७ च्या सुरुवातीला धर्मांतर झालं, नाव मुहम्मद कुलीखान पडलं, नावापुढचा आकडाही बदलला आणि रवानगी काबूलकडे झाली. पुढे मुघल फौजेबरोबर दख्खनेत आल्यावर ते महाराजांकडे परतले. १९ जून १६७६ रोजी त्यांना शुद्ध करून घेण्यात आलं. सरनोबती तोवर हंबीरराव मोहित्यांकडे गेली होती.