संत निकोलस : मायराचे बिशप आणि मुलांचा नाताळबाबा

डिसेंबर महिना उजाडला की लाल झगा, पांढरीशुभ्र दाढी आणि पाठीवर भेटवस्तूंची पोतडी घेतलेला नाताळबाबा जिकडेतिकडे दिसू लागतो. दुकानांच्या दर्शनी भागांत तो उभा असतो, शाळांच्या कार्यक्रमांत मिठाई वाटतो. त्याला सांताक्लॉज हे नाव ज्यांच्यावरून मिळाले, ते संत निकोलस मात्र आपल्यापैकी अनेकांना अपरिचित आहेत. ६ डिसेंबर हा त्यांचा सण आगमनकाळातच येतो. त्या निमित्ताने आपण त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ या.

आजच्या तुर्कस्थानच्या दक्षिण किनाऱ्यावर त्या काळी लिसिया नावाचा रोमन प्रांत होता. तेथील पतारा या बंदरात, परंपरेनुसार इ. स. २७०च्या सुमारास, एका सधन ख्रिस्ती कुटुंबात निकोलस यांचा जन्म झाला. लहान वयातच आईवडिलांचे छत्र हरपले आणि मोठी संपत्ती त्यांच्या हाती आली. पुढे जवळच्याच मायरा नगराचे ते बिशप झाले. हे नगर आज डेम्रे या नावाने ओळखले जाते. सम्राट डायोक्लेशियनच्या काळात ख्रिस्ती लोकांचा जो भीषण छळ झाला, त्यात त्यांनी कारावास भोगला, असे परंपरा सांगते. इ. स. ३२५मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेला उपस्थित असलेल्या बिशपांच्या काही जुन्या याद्यांत त्यांचे नाव आढळते, काहींत आढळत नाही. त्यांनी स्वतः लिहिलेला एकही ग्रंथ उपलब्ध नाही. त्यांची ओळख आपल्याला होते ती ख्रिस्तसभेने पिढ्यानपिढ्या जपलेल्या कथांतून.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कथा तीन बहिणींची आहे. एका गृहस्थाची सारी मालमत्ता बुडाली. तीन मुली लग्नाच्या वयाच्या झाल्या होत्या, पण हुंडा देण्याची ऐपत उरली नव्हती. मुलींना देहविक्रयाच्या मार्गाला लावण्याचा विचार त्या हताश बापाच्या मनात आला. ही गोष्ट तरुण निकोलस यांच्या कानी गेली. रात्रीच्या अंधारात त्यांनी सोन्याने भरलेली थैली खिडकीतून त्या घरात टाकली आणि ते निघून गेले. थोरल्या मुलीचे लग्न झाले. मग दुसऱ्या मुलीसाठी तसेच घडले. तिसऱ्या वेळी बाप जागा राहिला आणि त्याने दात्याला धावत जाऊन गाठले. तेव्हा निकोलस यांनी, आपण जिवंत असेपर्यंत ही गोष्ट कोणालाही सांगू नये, असे वचन त्याच्याकडून घेतले, अशी ही कथा आहे. पुढे सोने धुराड्यातून पडून वाळत घातलेल्या मोज्यांत गेले, अशी भर तिच्यात पडली. नाताळच्या मोज्यांचा संबंध लोक याच कथेशी जोडतात.

दुसरी कथा याहूनही प्राचीन आहे. लाच घेतलेल्या एका प्रांताधिकाऱ्याने तीन निरपराध माणसांना मृत्युदंड सुनावला होता. बिशप निकोलस धावत वधस्तंभापाशी पोहोचले, त्यांनी मारेकऱ्याची तलवार हातातून काढून घेतली आणि त्या अधिकाऱ्याला त्याच्या पापाची जाणीव करून दिली. गुप्तपणे दान करणारे निकोलस अन्याय दिसताच मात्र सर्वांसमक्ष उभे राहत.

इ. स. ३४३च्या सुमारास ६ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले, असे मानले जाते. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने कॉन्स्टँटिनोपल येथे त्यांच्या नावाचे मंदिर बांधले. खलाशी, व्यापारी आणि मुले त्यांना आपले आश्रयदाते मानू लागली. मायरा तुर्कांच्या सत्तेखाली गेल्यानंतर इटलीतील बारी येथील खलाशांनी १०८७ साली त्यांच्या अस्थी तेथील मठवासीयांचा विरोध डावलून आपल्या शहरात नेल्या. बारीच्या महामंदिरात आजही कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स भाविक एकाच कबरीपुढे गुडघे टेकतात. ७ जुलै २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी पूर्वेकडील ख्रिस्तसभांच्या प्रमुखांसह मध्यपूर्वेतील शांतीसाठी प्रार्थना केली, ती याच शहरात.

मग बिशपांचा नाताळबाबा कसा झाला? सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर युरोपच्या अनेक भागांत संतांचे सण मागे पडले. हॉलंडमध्ये मात्र ५ डिसेंबरच्या संध्याकाळी येणारा सिंटरक्लास मुलांनी सोडला नाही. न्यूयॉर्क ही मुळात डच लोकांची वसाहत. तेथील लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांनी आपल्या विनोदी इतिहासग्रंथात या संताला हवेतून जाणाऱ्या गाडीत बसवले. १८२३ साली एका वृत्तपत्रात निनावी प्रसिद्ध झालेल्या कवितेने त्याला आठ रेनडिअर, गुबगुबीत देह आणि नाताळची पूर्वसंध्या दिली. ही कविता पुढे क्लेमंट मूर यांच्या नावावर प्रसिद्ध झाली. १८६३पासून चित्रकार थॉमस नास्ट यांनी त्याची चित्रे काढली आणि १९३१पासून हॅडन संडब्लॉम यांनी कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी रंगवलेला हसरा आजोबा जगभर पोहोचला. लाल पोशाख ही या कंपनीची निर्मिती असल्याचे सांगितले जाते, ते खरे नाही. तो त्याआधीच रूढ झाला होता.

या रूपांतराचा रागही काहींना आला. २३ डिसेंबर १९५१ रोजी फ्रान्समधील दिजाँ शहरात, धर्मगुरूंच्या संमतीने, कॅथेड्रलसमोर शेकडो मुलांच्या देखत नाताळबाबाचा पुतळा जाळण्यात आला. दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेच्या छतावर नाताळबाबा पुन्हा अवतरला! पुतळा जाळून आठवण पुसता येत नाही आणि संताची ओळखही करून देता येत नाही.

१९६९ साली पंचांगात सुधारणा झाली तेव्हा संत निकोलस यांना संतांच्या यादीतून वगळले, असा गैरसमज आजही ऐकू येतो. वस्तुतः त्यांचा सण कायम आहे. तो ऐच्छिक स्मरणदिन झाला, इतकेच.

आपण नाताळबाबाचा राग करण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या पोतडीकडे पाहताना ती पहिली थैली आपण विसरू नये. तिच्यात खेळणे नव्हते, तीन मुलींची अब्रू आणि भविष्य होते. हुंड्याला कायद्याने १९६१ साली बंदी घालूनही ज्या देशात लेकींचे संसार त्यापायी उद्ध्वस्त होतात, तेथे ही कथा परकी कशी म्हणावी? उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, ही प्रभू येशूची शिकवण निकोलस यांनी आचरणात आणली. यंदा मुलांच्या हाती भेटवस्तू देताना त्यांना ही कथाही सांगू या. आणि आपल्या धर्मग्रामात अडचणीत असलेल्या एखाद्या घरी, नाव न सांगता, एक थैली पोहोचवू या.