कारागीर रॉबर्ट बॉश

आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांची मागची पाने चाळली, तर तेथे मोटारगाड्यांची चित्रे हटकून सापडतात. कोणाच्या घरी वडिलांनी हौसेने जतन केलेली जुनी गाडी असते, कोणाचा थोरला भाऊ सुटीच्या दिवशी इंजिन उघडून बसलेला असतो. आणि आपल्या गाडीचा जोर आणखी वाढावा, ही इच्छा या सर्वांच्या मनात असते. ती वाईट नाही. परंतु इंजिनास जोर कशाने येतो आणि तो मिळविताना कोणती शिस्त पाळावी लागते, हे ज्यांस समजून घ्यावयाचे असेल, त्यांनी रॉबर्ट बॉश यांचे चरित्र अवश्य वाचावे. इंजिनात वेळेवर ठिणगी पाडणे आणि इंधन मोजून फवारणे, या दोन्ही कामी त्यांच्या कारखान्याने जगास मोठी देणगी दिली आहे.

जर्मनीतील उल्म शहराजवळ आल्बेक नावाचे खेडे आहे. तेथे २३ सप्टेंबर १८६१ रोजी रॉबर्टचा जन्म झाला. बारा भावंडांत तो अकरावा. वडिलांची शेती होती आणि एक खाणावळही होती. घरची स्थिती सुखाची होती. पुढे कुटुंब उल्म शहरी राहावयास गेले. शाळेत रॉबर्ट फारसा चमकला नाही. शाळा संपल्यावर तो सूक्ष्म यंत्रे बनविणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीस राहिला. त्या गुरूने त्यास मन लावून काही शिकविले नाही, याची खंत त्याच्या मनात कायम राहिली. परंतु या खंतीतून कुरकूर न उपजता एक निश्चय उपजला. पुढे १९१३ साली बॉश यांनी आपल्या कारखान्यात उमेदवारांसाठी स्वतंत्र शिक्षणशाळा काढली, तिचे मूळ या बालपणीच्या अनुभवात आहे.

उमेदवारी संपल्यावर त्यांनी निरनिराळ्या कारखान्यांत नोकरी केली, स्टुटगार्ट येथील तंत्रविद्यालयात थोडा काळ अध्ययन केले, आणि १८८४ साली ते अमेरिकेस गेले. तेथे एडिसनच्या कारखान्यात त्यांनी काम केले. नंतर इंग्लंडात सीमेन्स बंधूंच्या कारखान्यात राहून ते मायदेशी परतले. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्ट शहरात त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. हाताखाली एक कारागीर आणि एक निरोप्या पोरगा, एवढाच परिवार. विजेच्या घंटा बसविणे, टेलिफोन जोडणे, जे काम येईल ते करणे, असा क्रम होता. गिऱ्हाइकांकडे जाण्यासाठी त्यांनी सायकल घेतली. एक वेळ अशीही आली की, काम नाही म्हणून कामगार कमी करावे लागले आणि उसनवारीवर दिवस काढावे लागले. तथापि कच्चे काम करून पैका मिळवावा, हा विचार त्यांनी मनास शिवू दिला नाही.

१८८७ साली एका यंत्रकाराने त्यांच्याकडे एक चमत्कारिक मागणी केली. एका जागी बसविलेल्या इंजिनासाठी, चुंबकाच्या साहाय्याने ठिणगी पाडणारे यंत्र, म्हणजेच मॅग्नेटो, त्यास हवे होते. असे यंत्र अन्यत्र अस्तित्वात होते. बॉश यांनी ते नीट पाहिले, त्यात सुधारणा केली आणि आपले यंत्र तयार केले. दहा वर्षांनी, १८९७ साली, तीनचाकी मोटारीच्या इंजिनावर असाच मॅग्नेटो बसविण्याचे काम आले. त्या इंजिनाचा वेग मिनिटास १८०० फेऱ्यांपर्यंत जाई, आणि जुन्या मॅग्नेटोचा जड भाग इतक्या वेगाने हलणे शक्य नव्हते. तेव्हा कारखान्यातील मुकादम आर्नोल्ड झेरिंगर याने जड भाग स्थिर ठेवून त्याभोवती एक हलकी धातूची नळी हलविण्याची युक्ती काढली, आणि अडचण दूर झाली. पुढे १९०२ साली गोट्लोब होनोल्ड या अभियंत्याने अधिक दाबाच्या विजेचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग सिद्ध केले. होनोल्ड पूर्वी याच कारखान्यात उमेदवार होता. मालकाचे नाव यंत्रावर असले, तरी यंत्रामागे बुद्धी पुष्कळांची होती. आणि अशा बुद्धीची माणसे हेरून त्यांस वाव देणे हा बॉश यांचा खरा गुण होता.

कामगारांविषयी त्यांचे धोरण त्या काळास नवे होते. १९०६ साली त्यांनी आठ तासांचा दिवस सुरू केला. मालकवर्गात त्यांस कोणी कोणी तांबडा बॉश म्हणत असे. त्यांच्या काटकसरीचीही एक गोष्ट सांगतात. कारखान्याच्या जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी उचलून त्यांनी एका नोकरास हे काय आहे असे विचारले. नोकराने टाचणी असे उत्तर देताच, हे आपले पैसे तुम्ही फेकले आहेत, अशी समज त्यांनी त्यास दिली. टाचणीचा हिशेब ठेवणाऱ्या याच गृहस्थाने १९१० साली स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयास दहा लक्ष मार्क दिले, आणि पहिल्या महायुद्धात झालेल्या नफ्यातून एक कोटीहून अधिक मार्क नेकार नदीच्या कालव्यासाठी काढून दिले. युद्धाच्या मिळकतीवर आपण श्रीमंत व्हावे, हे त्यांस रुचत नव्हते.

युद्धानंतर त्यांच्यावर संकटे कोसळली. परदेशांतील मालमत्ता जप्त झाली, आणि १९२१ साली दीर्घ आजाराने एकुलता एक मुलगा वारला. अशा दिवसांतच, १९२२ च्या अखेरीस, कारखान्याने डिझेल इंजिनासाठी इंधन फवारणारा पंप बनविण्याचे काम हाती घेतले. रुडॉल्फ डिझेल यांचे मूळ इंजिन दाबलेल्या हवेच्या जोरावर तेल आत ढकलीत असे. त्यासाठी जड यंत्र लागे, म्हणून ते इंजिन जहाजास किंवा कारखान्यास चालले, तरी मालमोटारीस चालत नव्हते. बॉश यांच्या कारखान्याने पाच वर्षे खपून एक छोटा पंप तयार केला, आणि १९२७ साली त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले. त्यात एक दट्ट्या असतो आणि त्यावर तिरकी खाच असते. दट्ट्या थोडा फिरविला की प्रत्येक खेपेस बाहेर जाणारे तेल कमी-अधिक होते. दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांमधील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाएवढीच असते. तेलाचा दाब निसटू नये म्हणून इतकी नेमकी घडण लागते. १९३६ साली मर्सिडीज कंपनीने डिझेलवर चालणारी मोटार बाजारात आणली, तिच्यात हाच पंप होता. पेट्रोलच्या विमान-इंजिनातही जर्मनीत १९३७ पासून फवारणी येऊ लागली. विमान अकस्मात खाली वळले तरी इंधनाचा पुरवठा तुटत नसे, आणि पूर्वीच्या कार्बुरेटरमध्ये नेमका तोच दोष होता.

परंतु या यशास एक काळी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्या कारखान्याच्या मालकास युद्धाच्या नफ्याचा तिटकारा होता, त्याच कारखान्याची यंत्रे हिटलरच्या युद्धात वापरली गेली, आणि दुसऱ्या महायुद्धात तेथे सक्तीने धरून आणलेल्या हजारो माणसांकडून कामही करून घेतले गेले. दुसऱ्या बाजूस, बॉश आणि त्यांचे सहकारी यांनी छळ सोसणाऱ्या ज्यूंस गुप्तपणे साहाय्य केले. हिटलरविरोधी कटातील एक प्रमुख पुरुष कार्ल गोर्डेलर यास त्यांनी आपल्या कारखान्यात सल्लागाराचे पद देऊन आश्रय दिला. पुढे १९४५ साली त्यास फाशी झाली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. उत्तम कारागिरीचा उपयोग कोण करील, हे कारागिराच्या हाती नेहमीच राहत नाही, ही या चरित्रातील दुःखाची गोष्ट आहे. १२ मार्च १९४२ रोजी स्टुटगार्ट येथे बॉश यांचा अंत झाला. पुढे १९६४ साली त्यांच्या उद्योगाचा बहुतेक हिस्सा लोकोपयोगी संस्थेकडे गेला, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे नफ्याचा भाग आरोग्य, शिक्षण इत्यादी कार्यांस मिळू लागला. १९४० साली त्यांच्या नावाने सुरू झालेले रुग्णालयही त्याच भावनेचे फळ होय.

त्यांच्या मृत्यूनंतर पेट्रोलच्या मोटारींतही फवारणी आली. १९५४ सालची मर्सिडीज ३०० एसएल ही गाडी विशेष प्रसिद्ध आहे. तीन लिटरच्या ज्या इंजिनापासून साध्या गाडीत ११५ अश्वशक्ती मिळत होती, त्याच जातीच्या इंजिनाने या गाडीत २१५ अश्वशक्ती दिली. हे केवळ फवारणीने झाले नाही. दाबाचे प्रमाण वाढविले होते, हवेचे मार्ग सुधारले होते, आणि त्या वाढीव हवेस जेवढे इंधन हवे तेवढेच नेमके पोहोचविले जात होते. जोर वाढविण्याचे सर्व शास्त्र या एका गोष्टीत सामावले आहे.

आमच्या होतकरू मित्रांनी हे नीट लक्षात घ्यावे. इंजिनाचा जोर आत घेतलेल्या हवेतून येतो. इंधनाने केवळ त्या हवेची सोबत करावयाची असते. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. पूर्ण जोराच्या वेळी हवा साडेबारा ते तेरा भाग ठेवतात, म्हणजे इंधन किंचित अधिक असते. इंधन कमी पडले तर उष्णता वाढते, इंजिन ठोके देऊ लागते आणि दट्ट्या वितळण्याची भीती असते. इंधन फार झाले तर काळा धूर येतो आणि नळकांड्यावरील वंगण धुतले जाते. चार फटक्यांच्या इंजिनात मिनिटास ६००० फेऱ्या होत असता, प्रत्येक नळकांड्यात सेकंदास ५० वेळा इंधन जाते. इतक्या वेगात अंदाजाने काय साधणार? म्हणून प्रथम प्लग, हवेची गाळणी, इंधनाचा दाब आणि इंजेक्टर ठीक आहेत का ते पाहावे. मग एका वेळी एकच बदल करावा, मोजावे, टिपून ठेवावे, आणि त्यानंतरच पुढचा बदल करावा. पंपाचा स्क्रू पिळून धूर काढणाऱ्यास जोर वाढला असे वाटते, पण तो इंधनाचा नाश असतो आणि इंजिनाचाही. त्यातच भर म्हणून, सार्वजनिक रस्त्यावरील गाडीत असे बदल करण्यास कायद्याची मर्यादा आहे, हेही विसरू नये.

बॉश यांच्या मालाचे हिंदुस्थानातील विक्रीकेंद्र १९२२ साली कलकत्त्यास निघाले. १९५१ साली बंगळूर येथे मायको हा उद्योग स्थापन झाला, आणि पुढे आपल्या नाशिक शहरात डिझेल इंजिनाचे नोझल व इंजेक्टर बनविणारा कारखाना उभा राहिला. महाराष्ट्रातील किती तरी तरुण कारागीर मिलिमीटरच्या सहस्रांश भागाशी झगडणारे हे काम तेथे शिकले.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी हाती पाना घेऊन यंत्राजवळ बसली, तर हात काळे झाले म्हणून रागावू नये. एक मोजपट्टी आणि एक वही मात्र अवश्य जवळ द्यावी. केलेले काम नोंदून ठेवण्याची आणि चुकलेले माप मान्य करण्याची सवय लहानपणी लागली, तर ती जन्मभर टिकते. रॉबर्ट बॉश यांना त्यांच्या गुरूने ही सवय लावली नाही. त्यांनी ती स्वतःस लावून घेतली, आणि पुढे हजारो उमेदवारांस आग्रहाने दिली.